साडेआठनंतरचं ऑकलंड

हॅमिल्टनहून ऑकलंडला निघालं की वाटेत बॉम्बे लागतं. चेष्टा नाही. हिरव्यागार टेकड्या, पेट्रोल पंप, तांबड्या मातीचे मळे, आणि हमरस्त्यावर ठळक अक्षरांत ‘बॉम्बे’ अशी पाटी. १८६३ साली त्या नावाच्या जहाजातून विलायतेतली काही कुटुंबं या बाजूला वसायला आली आणि जहाजाचं नाव गावाला चिकटलं. मुंबईनं आपलं नाव केव्हाच बदलून घेतलं. इथं बॉम्बे अजून सुखानं नांदतंय. अख्खा देश त्या टेकड्यांनाच ऑकलंडची वेस मानतो. पलीकडं ऑकलंड, अलीकडं उरलेलं न्यूझीलंड. आमची लेक अलीकडच्या न्यूझीलंडात राहते, दूधदुभत्याच्या मुलखात. शनिवार-रविवार जोडून आम्ही दोघंच मोठं शहर बघायला निघालो, तेव्हा तिनं बसच्या पायरीशी उभं राहून एकच सूचना केली.

“आई, जेवायला सहाला जा हं.”

“सहाला? तेव्हा तर आम्ही दुपारची झोप झटकत असतो.”

“म्हणून तर सांगतेय.”

मोठं शहर म्हणजे तसं किती मोठं? वस्ती सतरा लाखांच्या आसपास. पुण्याहून गेलेल्या माणसाला ऐसपैस पसरलेलं उपनगर वाटावं. पण सगळ्या देशाची लोकसंख्याच पन्नास लाखांच्या थोडी पुढं. तिघांतला एक माणूस इथं राहतो. त्या देशापुरती ही मुंबईच. शिवाय ती उभी आहे पन्नासेक निद्रिस्त ज्वालामुखींवर. घरं, शाळा, क्रिकेटची मैदानं, सगळं त्या गवत उगवलेल्या विवरांच्या आजूबाजूला निवांत मांडलेलं. ज्यांच्या पायाखाली एवढी आग आहे ती माणसं रात्री इतक्या लवकर कशी झोपतात, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

परक्या गावात थोडेच दिवस राहायचं असेल तर बघण्यासारखं काय आहे हे नंतर विचारावं, आधी इथले लोक केव्हा जेवतात ते विचारावं. देवळं, संग्रहालयं, मनोरे आपापल्या जागी असतात. भूक मात्र घड्याळावर चालते, आणि प्रत्येक गावाचं घड्याळ वेगळं. सोलापूरला रात्री अकराला माणसं भाकरी-शेंगाचटणीवर ताव मारताना दिसतात; सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार हाक मारली तर पाप लागतं. ऑकलंडचं घड्याळ मला पहिल्या रात्रीच कळलं.

एप्रिल नुकता लागला होता. घड्याळं तासभर मागं घेतलेली, त्यामुळं सहालाच अंधार. मुक्कामावर पाठ टेकली, अंघोळी केल्या, आणि पुण्याच्या हिशेबानं अगदी वेळेवर, म्हणजे साडेआठच्या पुढं, आम्ही क्वीन स्ट्रीटवर आलो. रस्ता समुद्राकडं उतरत जातो. दुकानांच्या काचांमागं उजेड, फुटपाथवर तुरळक माणसं. एका बऱ्यापैकी दिसणाऱ्या हॉटेलात शिरलो. आत हसणं-बोलणं चाललं होतं, टेबलांवर मेणबत्त्या होत्या, चारपाच खुर्च्या रिकाम्याही होत्या. दारातल्या मुलीनं फार अदबीनं सांगितलं की स्वयंपाकघर आत्ताच बंद झालं, हवं तर वाइन आणि काहीतरी गोड मिळेल. माणसं पानावर बसलेली असताना चूल विझू शकते ही गोष्टच माझ्या डोक्यात शिरेना. “अहो, आता काय?” असं मी जरा मोठ्यांदा म्हणाले असणार, कारण काउंटरमागं ग्लास पुसणाऱ्या सडपातळ मुलानं चटकन मान वर केली.

“काकू, डॉमिनियन रोडला जा.”

नांदेडचा होता. दिवसा विद्यापीठात, रात्री इथं. काउंटर सोडून तो दारापर्यंत आला, बसचा थांबा दाखवला आणि म्हणाला, “माझी पाळी संपली की मीही तिकडंच जातो. तिकडं जाग असते.”

ही लवकर झोपायची सवय काही हवेतून आलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, डिसेंबर १९१७ मध्ये, सरकारनं दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम केला. तात्पुरता म्हणून आलेला नियम पन्नास वर्षं टिकला. पाचला काम सुटायचं, सहाला गुत्ता बंद. मधल्या तासाभरात पुरुषमंडळी खांद्याला खांदा लावून, उभ्याउभ्या, घोटामागून घोट रिचवायची आणि घरी जाऊन गपचूप जेवायची. ९ ऑक्टोबर १९६७ ला हे संपलं, तेही लोकांनी मतदान करून संपवलं म्हणून. हॉटेलात जेवणाबरोबर वाइन देण्याचे पहिले परवाने १९६१ मध्ये निघाले. ऑकलंडात ‘गुर्मे’ नावाचं हॉटेल चालवणारा ऑटो ग्रून हा डच माणूस त्यासाठी झगडत होता, त्या पहिल्या परवान्यांत त्याचा एक होता. दुकानं शनिवारी उघडायला १९८० साल उजाडलं, रविवारी उघडायला १९९०. म्हणजे माझ्या वयाच्या ऑकलंडकरानं आपलं लहानपण अशा शहरात काढलंय, जिथं संध्याकाळी सहानंतर बाहेर जाऊन खाण्यासारखं फारसं काही नव्हतंच. परदेशी साखळीचं पहिलं दुकान, केंटकी फ्राइड चिकनचं, शहरातल्या रॉयल ओक भागात १९७१ ला निघालं. तोवर आपल्याकडं दादरला आणि डेक्कनला इराण्यांच्या दोन पिढ्या बनमस्का विकून झाल्या होत्या.

डॉमिनियन रोड शहरातून निघून दक्षिणेला सरळसोट जातो. दिवसा त्याच्यात बघण्यासारखं काही नाही, जुनी बैठी दुकानं आणि वाहनं. रात्री मात्र त्याचे काही तुकडे चिनी अक्षरांच्या दिव्यांनी लखलखतात. आम्ही उतरलो तिथं लागोपाठ चारपाच लहान खोल्यांसारखी हॉटेलं होती. प्रत्येकाच्या काचेवर पालिकेनं दिलेलं स्वच्छतेचं प्रमाणपत्र, त्यावर वितभर मोठं अक्षर. इथं स्वयंपाकघर तपासून दर्जा देतात आणि तो गिऱ्हाइकाला दिसेल असा दारावर लावावा लागतो. ‘ए’ दिसला आणि आत शिरलो. ट्यूबलाइटचा उजेड, सनमायक्याची टेबलं, प्लॅस्टिकच्या आवरणातलं मेन्यूकार्ड, प्रत्येक पदार्थाचं छायाचित्र आणि त्याखाली आकडा. बोलायची गरजच नाही, आकडा सांगायचा.

काचेपलीकडं एक बाई पाऱ्या लाटत होती. तिचं लाटणं बोटाएवढं जाड आणि वीतभर लांब. उजव्या हातानं ते पुढं-मागं करायचं आणि डाव्या हातानं गोळी प्रत्येक लाटण्याला थोडी फिरवायची. पारी कडेनं पातळ होत जाते, मध्यावर जाड राहते. उकळत्या पाण्यात पोट फुटू नये आणि कड कच्ची राहू नये, दोन्ही साधायचं. आयुष्यभर पोळपाटावर उभी राहिलेली मी, पण एवढ्या वेगात एका मापाच्या पाऱ्या पडताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. ती बोटांकडं बघतही नव्हती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर एक मालिका चालू होती, तिच्यात गुंतली होती.

अंडं आणि लसणीच्या पातीचं सारण भरलेले डंपलिंग आम्ही मागवले, एक ताट उकडलेले, एक ताट तव्यावर तळ खरपूस केलेले. आणखी एक आकडा माझ्या नवऱ्यानं चित्र आवडलं म्हणून सांगितला, तो सिचुआन पद्धतीच्या नूडल्सचा निघाला. लालभडक तेल, वर शेंगदाण्याचा कूट. पहिला घास तिखट लागला, त्याचं काही नाही. दुसऱ्या घासाला ओठांना झिणझिण्या आल्या, जिभेच्या टोकाला बधिरपणा, आणि नाकात असा एक वास शिरला की मी चमचा खाली ठेवला. तिरफळ! माझं माहेर रत्नागिरीचं. बांगड्याच्या आमटीत ठेचून घातलेल्या तिरफळाची जिभेवर होणारी ती चुणचुण मी दुसऱ्या कशाशी गफलत करूच शकत नाही. मुक्कामावर परत आल्यावर मोबाइलवर शोधलं. सिचुआनची मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं, दोन्हींत वापरायचं ते फळाचं साल, आतली काळी बी टाकून द्यायची. पुण्यातल्या कितीतरी घरांना तिरफळ माहीतही नसतं. आणि इथं, पार पृथ्वीच्या खालच्या टोकाला, चेंगडूच्या बाजूच्या कुणीतरी ते माझ्या पुढ्यात ठेवलं होतं, आकडा सांगून.

नांदेडचा मुलगा साडेदहाला आला, बरोबर त्याच्या वयाची तिघं-चौघं. एक केरळचा, एक फिलिपाइन्सची मुलगी. दुसऱ्यांची जेवणं उरकून देऊन आता ही मंडळी जेवायला बसत होती. त्यांना मेन्यूकार्डही लागलं नाही. “आमचं रात्रीचं जेवण हेच, काकू,” तो म्हणाला. “शहर झोपल्यावर आमचं सुरू होतं.” मग मला विचारलं, “उद्या शनिवार ना? तर सकाळी ओटाराला जा. मॉलबिल बघत बसू नका.” त्या ओटाराचं पुढं सांगते.

या रस्त्यावरचा उजेडही सहजासहजी लागलेला नाही. १८८१ मध्ये न्यूझीलंडनं देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा डोईपट्टी कर बसवला. १८९६ मध्ये तो शंभर पौंड केला. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला तो नव्हता. १९४४ मध्ये तो कायद्यातून गेला, आणि २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. आपल्याही लोकांना काही पायघड्या घातलेल्या नव्हत्या. बॉम्बेच्या शेजारी पुकेकोहे आहे. तिथल्या कांद्या-बटाट्यांच्या मळ्यांत गुजराती आणि पंजाबी माणसं राबायला लागली, तेव्हा १९२०च्या दशकात त्यांना आणि चिन्यांना हुसकून लावण्यासाठी तिथं ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ नावाची संघटनाच निघाली होती. कोण कुठल्या देशाचा हे न बघता माणूस घ्यायचं धोरण १९८७ ला आलं. डॉमिनियन रोडची ही रात्र त्यानंतरची. मी इतिहासाची अभ्यासक नाही, पण मला वाटतं ऑकलंडला रात्री जागायला ज्यांनी शिकवलं, त्यांना या देशानं बराच काळ दारात ताटकळत ठेवलं होतं. शहराचं पोट भरायचं काम मात्र बिनबोभाट त्यांच्याकडंच गेलं.

सकाळचं ऑकलंड वेगळं, ते मात्र मनापासून जागं असतं. साडेसहा-सातपासून कॉफीच्या दुकानांत रांगा. फ्लॅट व्हाइट म्हणून जी कॉफी मिळते तिचा शोध आपणच लावला असं हा देश म्हणतो, आणि ऑस्ट्रेलियाही म्हणतो. पुरणपोळी आणि होळिगेचं जिथं अजून मिटलं नाही तिथं आपण त्यात कशाला पडा? बसल्याबसल्या थंड पाण्याची बाटली न मागता टेबलावर येते, तिचे पैसे नसतात. टिप द्यायची पद्धत नाही. मेन्यूवर लिहिलेली किंमत तीच शेवटची, कर त्यातच धरलेला. मात्र सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी बिलावर पंधरा टक्क्यांच्या आसपास जास्त घेतात, कारण त्या दिवशी काम करणाऱ्याला दीडपट पगार द्यावा लागतो. मला ही गोष्ट आवडली. दिवाळीच्या पहाटे आपल्याला फराळाची थाळी वाढणाऱ्याला काय मिळतं, हे आपण कधी विचारलंय? माझा नवरा पहिले काही तास प्रत्येक किमतीला पन्नासनं गुणत होता. अंड्याच्या टोस्टचे हजार-बाराशे रुपये ऐकल्यावर मी त्याला सांगितलं, एक तर गुणाकार कर नाही तर जेव. आणि हो, ही कॉफीची दुकानं दुपारी तीनच्या सुमारास खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागतात. चार वाजता चहा-कॉफी ही आपली सवय तिथं अगदी पोरकी होते.

दुपारी भूक लागली तर पाय. म्हणजे वर मैद्याचं खुसखुशीत झाकण असलेली, तळहाताएवढी, आत खिम्याचा रस्सा भरलेली गरम वाटी. कागदी पिशवीत घालून देतात, चालताचालता खायची, पहिल्या चाव्याला जीभ भाजते. हा इथला वडापाव. (एवढी एकच तुलना करते, पुन्हा नाही.) मौजेची गोष्ट अशी की या अस्सल न्यूझीलंडी वस्तूच्या पुष्कळ बेकऱ्या कंबोडियातून आलेली कुटुंबं चालवतात. आम्ही गेलो तिथं कपाटाच्या काचेमागं ओळीनं चिठ्ठ्या लावलेल्या: खिमा आणि चीज, स्टेक आणि मिरी, आणि मग बटर चिकन. बटर चिकन पाय! दर्यागंजात जन्मलं, विलायतेत वाढलं, कंबोडियन माणसानं इंग्रजी मैद्यात बंद केलं आणि रत्नागिरीच्या बाईनं ऑकलंडच्या फुटपाथवर उभं राहून खाल्लं. गोडसर होतं. चिकनपेक्षा ग्रेव्ही जास्त. तरी मी शेवटचा तुकडा नवऱ्याला दिला नाही.

सँडरिंगहॅम रोडवर आपल्या लोकांची दुकानं-हॉटेलं ओळीनं आहेत, तिथल्या ‘सत्या’ची दहीपुरी ऑकलंडकरांत नावाजलेली आहे. आम्ही गेलो नाही. दहीपुरीसाठी एवढा लांब विमानप्रवास करायचा नसतो. स्काय टॉवरच्या फिरत्या हॉटेलातही गेलो नाही. तीनशे अठ्ठावीस मीटर उंचीचा तो मनोरा १९९७ मध्ये उभा राहिला. तो शहरातून कुठूनही दिसतो, आणि त्याच्यावरून शहर दिसतं असं म्हणतात. खाली लावलेलं दरपत्रक बघूनच माझ्या नवऱ्याचा गुणाकार पुन्हा सुरू झाला.

शनिवारी संध्याकाळी, दिवस असताना, मिशन बेला गेलो. समुद्रकाठाला हिरवळ, पोहुतुकावाची वाकडीतिकडी झाडं, आणि समोर रांगीतोतो बेट. चारी बाजूंनी सारखं उतरत गेलेलं, कुठूनही पाहिलं तरी तसंच दिसणारं. सहाएकशे वर्षांपूर्वीच ते समुद्रातून आग ओकत वर आलं, इथल्या पन्नासेकांतलं सर्वांत धाकटं आणि सर्वांत मोठं. फिश अँड चिप्सच्या दुकानात फळ्यावर माशांची नावं: स्नॅपर, ताराकीही, गर्नर्ड, होकी. होकी स्वस्त, स्नॅपर महाग. चिप्स ‘स्कूप’च्या मापानं. रताळ्याच्या, म्हणजे कुमाराच्या चिप्स वेगळ्या. माझ्या नवऱ्यानं तळण कशात ते विचारलं, आणि ते तुम्हीही विचारा, कारण काही दुकानांत अजून गाईच्या चरबीत तळतात. इथं तेल होतं. मुलानं सगळं पांढऱ्या कागदात गुंडाळलं, लिंबाची फोड टाकली, टोमॅटो सॉसचे पैसे निराळे घेतले.

गुंडाळी दगडी कठड्यावर ठेवून उलगडली. वाफ आली, मागोमाग लाल चोचींचे, लाल पायांचे लहान कुरव पक्षी आले, अर्ध्या मिनिटात वीसेक. स्नॅपरचा तुकडा फोडला. वरचं आवरण कुरकुरीत, आत पांढरेशुभ्र, जाड पदर सुटणारं मांस. काटा म्हणून नाही. मीठ सोडलं तर मसाला म्हणूनही नाही. मासा इतका ताजा होता की मी हळद-तिखटाची आठवणही काढली नाही, आणि हे माझ्या तोंडून ऐकून माझा नवरा खायचा थांबला. पण एक प्रश्न मनातून जाईना. एवढे जाड तुकडे, मग डोकी कुठं गेली? रत्नागिरीला माशाच्या डोक्यावरून जावांमध्ये अबोला झालेला मी पाहिलाय. डोक्याचं सार, डोळ्यामागचं मऊ, गालातला तो रुपयाएवढा तुकडा. या शहरात ते सगळं जातं कुठं?

त्याचं उत्तर आहे, आणि फार छान आहे. पूर्वी हौशी मच्छीमार मांसाचे तुकडे काढून घ्यायचे आणि डोकी-सांगाडे फेकून द्यायचे. २०१६ पासून ‘काई इका’ नावाचा उपक्रम चालतो. मच्छीमारांची ‘लेगासी’ ही संस्था, आउटबोर्ड बोटिंग क्लब आणि दक्षिण ऑकलंडात मांगेरेला असलेला पापातूआनुकु कोकिरी मराए, म्हणजे माओरींचं सामाईक अंगण-सभागृह, यांनी मिळून सुरू केलेला. टाकून दिली जाणारी डोकी आणि सांगाडे बर्फात घालून मराएवर जातात आणि तिथून गरजू घरांना मिळतात. माओरी आणि पॅसिफिकच्या घरांत डोकं मानाचं. त्यांना ते कसं खायचं हे शिकवावं लागत नाही. तुकडे मिशन बेला, डोकी मांगेरेला. शहराचा नकाशा माशावरून काढता येतो तो असा. आणि चवीपुरतं बोलायचं तर सरस वाटा मांगेरेला जातो, यात मला तरी शंका नाही.

रात्री परतताना क्वीन स्ट्रीटच्या खालच्या अंगाला ‘व्हाइट लेडी’ पाहिली. बर्गरची पांढरी लांबलचक गाडी, १९४८ पासून रात्री उभी राहणारी. गुत्ते सहाला बंद व्हायचे त्या काळातही ती अपरात्री गरम काही द्यायची. बर्गर मोठे, बहुतेक गोमांसाचे. आम्ही भाजलेलं सँडविच घेतलं आणि उभ्यानं खाल्लं. पुढं सूट घातलेला माणूस, मागं एक नर्स, गणवेशातच. पांढऱ्या गाडीच्या उजेडात सगळे सारखेच भुकेले दिसत होते.

आता ओटारा. ती शनिवारची सकाळ, मुद्दाम शेवटी राखून ठेवलेली. दक्षिण ऑकलंडात, दुकानांच्या चौकामागं, गाड्या लावायच्या जागेवर हा बाजार भरतो. पहाटे उजाडताना पोचलो तर तो रंगात आलेला. ध्वनिक्षेपकावर चर्चची गाणी आणि रेगे एकदम. कुमाराचे ढीग, हिरव्या केळ्यांचे फणे, शहाळी, विणलेल्या चटया, कानात फुलं खोचलेल्या आडव्या अंगाच्या हसऱ्या बाया. एप्रिल म्हणजे फिजोआचा हंगाम. हिरवं, अंड्याएवढं फळ, पेरूच्या गोतातलं. मधोमध कापून चमच्यानं गर खायचा. एका ठिकाणी शिंपल्यांचे वडे तव्यावर पडत होते, दुसरीकडं तळलेल्या पावावर साखरेचा पाक. आणि हांगी: जमिनीत खड्डा, तापवलेले दगड, त्यावर मांस, बटाटे, कुमारा, भोपळा, वरून माती, काही तासांनी उकरायचं. ॲल्युमिनियमच्या डब्यात मिळालं, धुराचा आणि मातीचा वास त्याच्या आतपर्यंत गेलेला. ऑकलंडातलं सर्वांत जुनं जेवण हेच, आणि क्वीन स्ट्रीटवर आम्हाला ते कुठं दिसलं नव्हतं.

पण माझे पाय रोवले ते अळूपाशी. अळूच्या जुड्या! कंद वेगळे, पानं वेगळी, देठ जाड. शेजारच्या टेबलावर सामोअन बाई पालुसामी विकत होती. अळूची पानं एकावर एक, मध्ये नारळाचं दाट दूध आणि कांदा, पुरचुंडी करून निखाऱ्यावरच्या दगडांवर शिजवलेली. उघडली तर आत गडद हिरवा, लोण्यासारखा गोळा. मी चव घेतली आणि तिला पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला: घशाला खवखवत नाही? तिला माझं इंग्रजी कळलं नसेल, पण मी गळ्याला हात लावून दाखवल्यावर ती खदखदून हसली. आम्ही चिंच घालतो, मी सांगितलं. तिनं मान हलवली. चिंच नाही. खूप वेळ शिजवायचं, बस्स, आणि घाई करायची नाही. मग तिनं बोटांनी दाखवलं की देठ आणि मधली शीर काढून टाकायची. तेवढं माझ्या आजीलाही माहीत होतं.

ही माणसं १९५० ते ७० च्या काळात सामोआ, टोंगा, कुक बेटांवरून आली, कारण ऑकलंडच्या कारखान्यांना हात हवे होते. काम कमी झालं तशी तीच नकोशी झाली. १९७४ ते १९७६ मध्ये पहाटे दारं ठोठावून, कागदपत्रं मागून, घरांतून माणसं उचलली गेली. त्याबद्दल पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ ला ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये माफी मागितली. आज जगातलं सर्वांत मोठं पॉलिनेशियन शहर म्हणून ऑकलंडचं नाव घेतात. त्या शहराची सकाळ ओटाराला होते, असं माझं मत झालं आणि मी ते बदलणार नाही. मॉलमधली कॉफी तुम्हाला सिंगापूरलाही मिळेल.

अळूच्या दोन जुड्या घेतल्या. हॅमिल्टनला लेकीच्या घरी एक चिंच घालून आमच्या पद्धतीनं केली, दुसरी नारळाच्या दुधात, चिंच न घालता, झाकण लावून, घाई न करता. जावयाला दुसरी आवडली. मला अजून पहिलीच.

तुम्ही ऑकलंडला जाणार असाल तर मुक्कामात एक शनिवार येईल असं बघा. ओटाराचा बाजार उजाडताना भरतो आणि दुपारपर्यंत उठतो, म्हणून न्याहारी न करता निघा. शहरात सगळीकडं कार्ड चालतं, पण इथं सुटे डॉलर जवळ असलेले बरे. रिकामी पिशवी न्या, आणि अळू घेतलंत तर ते त्याच दिवशी शिजवा, पानं फार टिकत नाहीत.